शंखाच्या टेकाडावरचा शेंदूर

दोन हजार चार साल होतं. मी सहासष्ट वर्षांचा होतो. आमच्या गावात त्या वयाची माणसं खाटेवरून उठायच्या आधी गुडघ्यांना विचारून घेतात, आणि मी तुमच्यासोबत विमानात बसायला निघालो होतो. घरची म्हणाली, "म्हातारपणी पाखरू व्हायचं सुचलं. पडसान तं कोणाच्या वावरात पडसान तेवढं सांगून जा, उचलाले माणसं धाडता येतीन." मी म्हटलं, "कॅप्टनसाहेब चालवून राह्यले. पडत नाई." तिला हे सांगून मी काय केलं ते मी तुम्हाला कधी कळू दिलं नाही, साहेब. आज सांगतो. वावराचे कागद कुठं ठेवलेत ते मुलाला दाखवून ठेवलं.

यवतमाळच्या धावपट्टीवर ते उभं होतं. तुमच्या मित्राचं, दोनच माणसांचं. मला वाटलं होतं मोठं असेल. जवळ गेलो तर आमच्या बैलांच्या दमणीला पंख लावल्यासारखं दिसलं. तुम्ही चढायला हात पुढं केला, मी धरला नाही. पाय घसरला, पुन्हा घसरला, पण चढलो माझा मीच. तुम्ही म्हणाले, "गणपतराव, धोतराचा सोगा आत घ्या. दारात अडकला तर लोक म्हणतील, हे दोघं अजून झेंडा घेऊनच फिरतात."

झेंड्याची गोष्ट आपल्या दोघांचीच. पण तुमची मुलगी म्हणते, बाबांवर जे लिहाल ते चार लोक वाचतील, म्हणून सांगतो. मी तरणा होतो तेव्हा कापसावर विमानातून औषध फवारत. तुम्ही यवतमाळच्या वकिलाच्या घरातले, कचेरीची खुर्ची सोडून ते विमान चालवायला आलेले. वावरात एका माणसानं बांबूला पांढरं फडकं बांधून उभं राहायचं. विमान त्या फडक्यावर नेम धरून येणार, औषध सोडत डोक्यावरून जाणार, की झेंडेवाल्यानं बाजूला सरकायचं, पुढच्या फेरीसाठी. आमच्या शिवारात झेंडा माझ्याकडं होता. विमान अंगावर आलं की बाकीचे झेंडेवाले मातीत लोळण घेत. मी उभाच. दुपारी तुम्ही जीप घेऊन वावरात आले ते तापलेलेच.

"वेडा आहेस का? खाली बसायला काय होतं तुला?"

"तुमी खाली येता. मी काहून वाकू?"

"अरे, मुंडकं जाईल एक दिवस."

"नेम चांगला असन तं नाई जात."

 तुम्ही जीपमधला पाण्याचा डबा काढून माझ्या हातावर पाणी ओतलं, औषध धुवायला. साहेबानं झेंडेवाल्याच्या हातावर पाणी ओतलेलं आमच्या वावरानं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून आम्हा झेंडेवाल्यांच्या तोंडाला बांधायला तुम्ही घरून फडकी आणू लागले. लोक म्हणतात तुम्ही मोठे वैमानिक होते. असाल. मला ते पाणी आठवतं.

नंतर विमानाची फवारणी बंद झाली, तुम्ही दिसेनासे झाले. आणि एवढ्या वर्षांनी, केस पिकलेले, पाठीवर पिशवी आणि हातात हातोडी असे तुम्ही माझ्या दारात. मी ओळखलं आवाजावरून. तुम्ही मला 'अरेतुरे' सोडून 'गणपतराव' म्हणायला लागले होते, तेवढा फरक.

तुम्ही विचारलं, "गावाच्या मागचं ते टेकाड. त्याच्या कमरेला पांढरी पट्टी आहे ना?"

मी म्हटलं, "हाये. शंखाचं टेकाड म्हणतो आमी. तुमाले कसं ठाऊक?"

"फवारताना दिसायची. तेव्हाच ठरवलं होतं, कधीतरी चालत येऊन बघायचं."

याचं मला फार वाटतं, साहेब. फवारताना माणसाचं लक्ष तारेवर, झाडावर, झेंड्यावर. जीव मुठीत. त्यात तुम्ही टेकाडाची पट्टी पाहिली आणि ती गोष्ट डोक्यात तितकी वर्षं सांभाळून ठेवली. मी गेल्या हंगामात कोणत्या वावरात कोणतं बियाणं टाकलं ते विसरतो.

टेकाडावर गेलो. त्या दगडांत शंख आहेत हे आम्हाला लहानपणापासून माहीत. पोरं वेचून गोट्या खेळत. तुम्ही म्हणाले हे समुद्राचे शंख नाहीत, गोड्या पाण्यातली गोगलगाय आहे, दगड झालेली. इथं तळं होतं. मग जमीन फाटून तापलेला रस वाहत आला, तळं बुजलं, त्याच रसाचा आमचा काळा दगड झाला. मी म्हटलं, "तळं होतं म्हणता, आन् माही विहीर होळीच्या आधी आटते." तुम्ही म्हणाले, "उशिरा जन्मलात, गणपतराव."

मग तुम्ही ते केलं. तिथल्या सगळ्यात थोरल्या दगडावर वाकले आणि त्याला जीभ लावली. यवतमाळच्या वकिलाचा मुलगा, विमान चालवणारा माणूस, आमच्या टेकाडावर दगड चाटतो. मी इकडंतिकडं पाहिलं, कोणी बघत तर नाही.

"हे काय करून राह्यले?"

"ओला झाला की रेषा दिसतात. पाणी गाडीत राहिलं."

"मी मेलो तरी दगडाले जीभ लावणार नाई."

"नका लावू. बघा तर खरं."

मी पाहिलं. अंगठ्याएवढा शंख, आणि त्याच्या अंगावर केसासारख्या रेषा, वळत वळत टोकाला गेलेल्या. तुम्ही म्हणाले, "हा डावीकडं वळतो. बहुतेक शंख उजवीकडं वळतात. हा डावखुरा."  मी डावखुरा आहे हे तुम्हाला झेंडा धरायचो तेव्हापासून ठाऊक होतं. चौथीत मास्तरनं त्याच हातावर छड्या ओढल्या आणि मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो ती शाळा संपली, हे मात्र ठाऊक नव्हतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी कोणीतरी डावीकडं वळला आणि त्याला कोणी छडी मारली नाही. हे मला त्या दिवशी फार आवडलं. म्हणून तुमच्यासोबत फिरलो. तुम्ही समजत होते, मला दगडाचा नाद लागला.

तुम्हाला पट्टी वरून पाहायची होती, फोटो काढायचे होते. आसपासच्या टेकाडांवर जिथं जिथं शंख सापडले ती जागा वरून कळायला हवी होती. मी म्हटलं, "झेंडा धरतो." तुम्ही म्हणाले, "तुम्ही तर वर माझ्यासोबत असणार." मग मी विचार केला, माणूस नाही तर दगडालाच झेंडा करू. चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन सगळी टेकाडं फिरलो. शंखाच्या दगडाला हात लावायचा नाही, त्याच्या बाजूचा दगड पांढरा करायचा, असं तुम्ही बजावलं होतं. तसंच केलं.

तर विमानात. तुम्ही ओरडून म्हणाले, "डोळे उघडा, गणपतराव."

"उघडेच हायेत."

"मग ते बंद काय दिसलं मला?"

उघडले. खाली कापसाची पऱ्हाटी उपटलेली वावरं होती. त्या दोन-तीन वर्षांत कापसानं आमच्याकडं कोणाच्या घरात काय केलं ते वरून दिसत नव्हतं. वरून सगळी वावरं सारखीच, कोणाचं कोणतं ते कळत नाही. पांढरकवडा गेलं, मुकुटबनची वाट दिसली, लांब पैनगंगेचं पाणी चमकलं. मग तुम्ही विमान कलतं केलं आणि बोट दाखवलं.

माझे चुन्याचे ठिपके. आमच्या टेकाडावर, पलीकडच्या दोन टेकाडांवर, नाल्याच्या काठावर. मी ते एकेक करून पायानं फिरत लावले होते. खाली असताना ते जिकडंतिकडं विखुरलेले. वरून पाहिलं तर सगळे एका ओळीत, सारख्या उंचीवर, टेकाडांच्या कमरेला गोल फिरलेले, जसं भांड्यातलं पाणी आटल्यावर आत वळ राहतो. तुम्ही म्हणाले, "तळ्याचा काठ." मध्ये आमचं गाव होतं, माझं घर, माझी विहीर. सगळं तळ्याच्या बुडाशी.

 तुम्ही दोन वेळा मागं वळून पाहिलं, मला बरं वाटतं ना. बरंच वाटत होतं. मी आयुष्यभर माझ्या वावराची शीव ओळखून राहिलो, बांधासाठी भाऊबंदांशी भांडलो. आणि तुम्ही मला अशी एक शीव दाखवली की जिच्यात आम्ही सगळे एकाच बाजूला होतो. खाली उतरल्यावर तुम्ही विचारलं, "काय मग?" मी म्हटलं, "ठीक हाये." साहेब, ते नुसतं ठीक नव्हतं. त्याला माझ्याजवळ शब्द नव्हता. आजही नाही.

आता भांडणाचं.

त्याच उन्हाळ्यात आमच्या गावच्या रस्त्याचं काम निघालं आणि ठेकेदाराला गिट्टीसाठी शंखाचं टेकाड सोयीचं वाटलं, कारण ते रस्त्याला लागून. सरपंच माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "काका, लोकाच्या हाताले काम भेटते. पऱ्हाटीनं तं काही ठेवलं नाई. शंख खाऊन पोट भरते काय?" त्याचं खोटं नव्हतं. मी म्हटलं, "पलीकडचं काळं टेकाड घे. चांगला दगड हाये, काम तेवढंच भेटीन." तो म्हणाला, "ते लांब पडते ठेकेदाराले." म्हणजे गोष्ट पोटाची नव्हती, ठेकेदाराच्या डिझेलची होती.

तुम्ही विमानातले फोटो घेऊन कचेऱ्यांत फिरले. सत्तरीला आलेला माणूस, पायरी चढताना कठड्याला धरणारा. साहेब लोकांनी फोटो पाहिले, छान म्हणाले, चहा पाजला. तुमचा त्या लोकांवर विश्वास होता, कारण ते तुमच्यासारखे शिकलेले. तुम्ही मला म्हणाले, "थोडा धीर धरा. आदेश निघेल."

इकडं दुसरंच चाललं होतं. सरपण वेचून परतणाऱ्या बायांनी माझे चुन्याचे दगड पाहिले. टेकाडावर कोणी दगड पांढरा केला म्हणजे त्याला काहीतरी दृष्टांत झाला असणार, असं आमच्याकडं धरतात. मला कोणी विचारलं नाही. एकीनं हळद-कुंकू वाहिलं, दुसरीनं नारळ फोडला. घरची मला म्हणाली, "तुमी विमानातून आले आन् लगेच देव निघाला, लोक म्हणून राह्यले वर जाऊन पाहून आले." मी हसलो. मग हसायचं थांबवलं आणि विचार केला.

तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणाले, "नाही. कुंकू पुसून टाका. शेंदूर चढू देऊ नका अजिबात. तेल-शेंदराचा थर बसला की रेषा गेल्या."

"रेषा जातीन. टेकाड तं राहीन."

"खोट्यावर वाचवायचं नाही मला काही."

"खोटं कायचं? तुमी म्हणता हे कोट्यवधी वर्षाचं हाये. आमी तेवढ्या जुन्याले देवच म्हणतो."

"गणपतराव, ती गोगलगाय आहे."

"मंग देव काय बैलावर बसत नाई, उंदरावर बसत नाई?"

तुम्हाला हसू आलं होतं, मी पाहिलं. पण तुम्ही मान हलवली. "माझा शब्द पाळा," म्हणाले. मी हो म्हटलं नाही. तुम्हाला वाटलं असेल मी हो म्हटलं. मी फक्त विडी पेटवली होती.

मग ठेकेदाराचं दगड खोदायचं यंत्र नाल्यापर्यंत आलं आणि तुमचा आदेश काही आला नाही. त्या संध्याकाळी मी शेंदूर आणि तेल घेऊन टेकाडावर गेलो. बाजूच्या दगडाला लावून भागलं नसतं. यंत्रवाल्याला खालून दिसेल असा दगड हवा होता आणि सगळ्यात मोठा दगड एकच, थोरला. डावखुऱ्या शंखाचा. मी डाव्या हातानं शेंदूर लावला. देवाला डावा हात लावत नाहीत, पण माझा कामाचा हात तोच.

सकाळी यंत्र टेकाडाच्या पायाशी आलं. चालवणारा माणूस वर्धेकडचा होता. त्यानं वर पाहिलं, यंत्र बंद केलं, चपला काढल्या आणि हात जोडून उभा राहिला. ठेकेदार खालून शिव्या देत होता. तो म्हणाला, "माह्या घरी लेकरं हायेत. तुमी चालवा." ठेकेदारानंही नाही चालवलं. आठ दिवसांत यंत्र काळ्या टेकाडाकडं गेलं, लोकांना तिथं काम मिळालं, बायांनी माझ्या पांढऱ्या दगडांनाही शेंदूर चढवला, आणि पुढच्या निवडणुकीआधी सरपंच स्वतः नारळ घेऊन शंखाच्या टेकाडावर आला.

मी तुम्हाला मोठ्या तोऱ्यात बोलावलं. म्हटलं, बघा. तुम्ही वर चढले, थोरल्या दगडापुढं उभे राहिले. हात लावला नाही. तुमचा चेहरा माझ्या चुन्याच्या दगडासारखा झाला. म्हणाले, "टेकाड वाचवलंत. आणि ज्याच्यासाठी वाचवायचं होतं तेच पुरलंत." आणि उतरले. चहासुद्धा घेतला नाही. घरची दारात कप घेऊन उभी राहिली.

वर्षभर तुम्ही आले नाही. मीही आलो नाही. यवतमाळला कामं निघाली, तुमच्या घराजवळून एसटी गेली, मी उतरलो नाही. मी बरोबर होतो, मग मी कायले उतरू? तुमचा फोन एकदाच आला, मुलाच्या मोबाईलवर. तुमचा आवाज बसला होता. म्हणाले, "गणपतराव, बाकीचे राहू द्या लाल. तो एक तेवढा मोकळा करा."

मी म्हटलं, "तुमी म्हणा, गणपतराव बरोबर होते. मंग करतो."

 तुम्ही म्हणाले, "तुम्ही अजून वाकत नाही म्हणायचं."

"नेम चांगला असन तं कायले वाकू?"

तुम्ही हसले. खोकला आला. मुलीनं फोन घेतला. तेवढंच. मला वाटलं पुन्हा कराल. मी मनात ठरवून ठेवलं होतं, पुन्हा केलात तर अट अर्धी सोडायची. 'बरोबर होते' नको, 'फारसे चूक नव्हते' एवढ्यावर मिटवायचं.

परवा संध्याकाळी तुमच्या मुलीचा फोन आला. बाबा सकाळी गेले, म्हणाली. झोपेतच. उशाशी ते विमानातले फोटो होते, त्यात चुन्याचे ठिपके दिसतात तो वरती. ती रडत नव्हती, मला सांगताना मला सांभाळत होती. तुमचीच मुलगी.

मी फोन मुलाला दिला आणि ओट्यावर बसलो. घरची म्हणाली, "दोन घास खाऊन घ्या." मी म्हटलं भूक नाही. ती म्हणाली, "आता कोणाशी भांडसान?" तिनं वाईटासाठी म्हटलं नाही. ती माझ्या शेजारी बसून राहिली.

साहेब, मी अजूनही म्हणतो, मी शेंदूर लावला नसता तर तुमचा शंख आज रस्त्याच्या पोटात असता आणि त्याच्यावरून एसटी गेली असती. हे मी तुमच्या तोंडावर म्हटलं असतं, आजही म्हणतो. पण तुम्ही गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आता टेकाडाला भीती नाही. बाकीच्या दगडांवर एवढा शेंदूर आहे की पाच-सहा ठेकेदार आले तरी परत जातील. मग थोरला दगड मी कोणापासून वाचवत होतो? तुमच्यापासूनच.

काल सकाळी उजाडताच मी टेकाडावर गेलो. डब्यात पाणी, बाटलीत रॉकेल, नारळाची काथी आणि बाभळीची एक चपटी काडी. वाटेत दोन बाया भेटल्या. "काका, काय करून राह्यले?" मी म्हटलं, "देवाले आंघोळ." त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि निघून गेल्या. थर जाड होता. वर्षभराचं तेल, शेंदूर, उदबत्तीची राख. आधी रॉकेल जिरवलं, मग काडीनं खरवडलं, मग काथीनं घासलं. गुडघे टेकावे लागले. टेकले. लाल पाणी उताराला वाहत होतं. ऊन वर आलं तेव्हा दगड मोकळा झाला, पण शंख कोरडा आणि राखाडी, रेषा काही दिसेनात. मला वाटलं गेल्या, तुम्ही म्हणत होते तसंच झालं. डबा उपडा करून पाहिला. पाणी सगळं घासण्यात गेलं होतं.

इकडंतिकडं पाहिलं. कोणी नव्हतं. मी वाकलो आणि दगडाला जीभ लावली. रॉकेलची चव आली, शेंदराची आली, मातीची आली. मग डोळे पुसून जवळून पाहिलं. रेषा आहेत, साहेब. डावीकडं वळतात.